राजकीय चित्रावरून नृत्य रचताना: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

स्पॅनिश चित्रकार गोयाच्या '३ मे १८०८' या चित्रात फ्रेंच सैनिक पकडलेल्या माद्रिदकरांना गोळ्या घालतायत. त्यातला पांढऱ्या सदऱ्यातला, हात पसरलेला माणूस मंचावर जसाच्या तसा उभा केला की प्रेक्षक चित्र ओळखतो, मान डोलावतो आणि तिथेच सगळं थांबतं. तो जिवंत देखावा होतो, नृत्य होत नाही. नवख्यांची बहुतेक कामं याच जागी अडकतात. म्हणून पुढची पद्धत चित्रातली माणसं उचलत नाही. चित्र आपलं राजकारण कशातून मांडतं ते शोधते आणि तेवढंच अंगावर घेते. कोण एकसारखे दिसतात आणि कोण वेगळे, चेहरा कुणाला आहे, वजन कुणावर पडलंय, रिकामी जागा कुणाच्या वाट्याला आली आहे, हा तुमचा कच्चा माल.

तयारी

एक ते आठ नाचणारे, पाच बाय पाच मीटर मोकळी जागा आणि दीड-दीड तासाच्या सहा तालमी. एवढ्यात तीन मिनिटांची रचना होते. पहिल्या वेळी त्याहून लांब करू नका. जमीन लाकडी किंवा रबरी असावी. सिमेंट किंवा फरशी असेल तर उड्या आणि पडणं पूर्ण वगळा आणि गुडघ्यावर येणाऱ्या प्रत्येक हालचालीसाठी नी-पॅड घाला. राजकीय चित्रांत गुडघे टेकलेली आणि कोसळलेली माणसं फार असतात, त्यामुळे हा सल्ला कागदावर वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

साहित्य थोडंच लागतं: चित्राच्या ए-थ्री आकाराच्या दोन छापील प्रती, ट्रेसिंग पेपर, पेन्सिल, मास्किंग टेपचा एक रोल, आणि चित्रीकरण व वेळ मोजण्यासाठी फोन. चित्र मात्र फोनवर पाहू नका. छोट्या पडद्यावर डोळा थेट मधल्या आकृतीकडे जातो आणि कडेची माणसं सुटतात. राजकारण बऱ्याचदा कडेलाच असतं.

चित्र कोणतं घ्यावं

ज्या चित्रात दोन बाजूंमधला ताण डोळ्यांना दिसतो आणि जे एखाद्या ठरावीक घटनेशी बांधलेलं आहे ते घ्या. 'युद्ध वाईट' एवढंच सांगणाऱ्या चित्रातून हालचालही तितकीच ढोबळ निघते. ज्या पोस्टरचा सगळा जोर घोषणेवर आहे तेही टाळा, कारण शब्द झाकले की हाती काही उरत नाही. खऱ्या, ओळखता येणाऱ्या मृत व्यक्तीचं छायाचित्र पहिल्या कामासाठी घेऊच नये. त्या व्यक्तीचे नातेवाईक हयात असू शकतात आणि त्यांच्यासमोर ते नाचून दाखवायची वेळ आली तर काय, याचं उत्तर नवख्याकडे नसतं.

माणसाची आकृतीच नसलेलं चित्र सुरुवातीला उलट सोपं जातं. रशियन चित्रकार एल लिसित्स्कीचं रशियन यादवी युद्धाच्या काळातलं, १९१९-२० चं पोस्टर पाहा: लाल त्रिकोण (बोल्शेविक) पांढऱ्या वर्तुळात (त्यांचे विरोधक) घुसतोय. नक्कल करायला कुणी नाहीच, त्यामुळे दिशा, टोक आणि दाब यांच्यावरच काम करावं लागतं.

मूळ चित्राचा आकार शोधून भिंतीवर टेपने आखा. पिकासोचं 'गेर्निका' ३.४९ बाय ७.७७ मीटर आहे. त्याच्यासमोर उभं राहिलं की एका नजरेत सगळं मावत नाही, मान वळवावी लागते. जर्मन चित्रकार केटे कोलवित्झचे काष्ठछाप (लाकूड कोरून काढलेले छाप) हातात धरून पाहण्याच्या आकाराचे आहेत. पहिल्याची रचना मंचाच्या पूर्ण रुंदीवर पसरलेली शोभते. दुसऱ्यासाठी प्रेक्षक दोन-तीन मीटरवर बसवून एक-दोन नाचणारे पुरतात. छोटी छापील प्रत भव्य समूहनृत्यात फुगवली की तिचा जवळून बोलण्याचा गुण जातो.

माहिती: दहा ओळी, जास्त नाही

चित्र कुणी, कधी, कुणासाठी काढलं, कुठे टांगलं आणि घटना काय होती, एवढंच लिहा. प्रत्येक ओळीसमोर विचारा: याचा हालचालीवर काय परिणाम होतो? ज्या ओळीला उत्तर नाही ती खोडा.

उदाहरणार्थ, स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्बहल्ला झाला २६ एप्रिल १९३७ रोजी. स्पेनच्या यादवी युद्धात बंडखोर सेनापती फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या जर्मन आणि इटालियन विमानांनी तो केला. पिकासोने त्याच वर्षी मे ते जूनच्या सुरुवातीपर्यंत चित्र पूर्ण केलं आणि ते पॅरिसच्या प्रदर्शनात स्पेनच्या दालनात लागलं. म्हणजे जखम ताजी असताना केलेलं काम. गोयाने १८०८ मधला गोळीबार रंगवला १८१४ मध्ये, सहा वर्षांनी. ती आठवणीतून केलेली मांडणी आहे. पहिल्यात हालचाल अर्धवट तुटलेली, एकावर एक आदळणारी चालेल. दुसऱ्यात तीच घटना पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडी अधिक स्पष्ट होत आली तर चित्राशी प्रामाणिक राहील. तारखा पाठ करून काही मिळत नाही, पण घटना आणि चित्र यांच्यातलं अंतर तुमच्या रचनेचा काळ ठरवतं.

वीस मिनिटं पाहणं, फक्त क्रियापदं लिहिणं

वीस मिनिटांचा गजर लावा. पहिली पाच मिनिटं काहीच लिहू नका. मग फक्त क्रियापदं लिहा: ओढते, टेकतो, झाकते, वळतो, दाबला जातो, ताणते. वीसेक जमली की थांबा. 'दुःखी आहे', 'घाबरला', 'आक्रोश करते' अशी भावना सांगणारी नोंद आली की ती खोडून शरीरात काय घडतंय ते लिहा. 'गेर्निका'च्या डाव्या भागातली, मेलेलं मूल धरलेली आई आक्रोश करते असं लिहिलं तर तालमीत प्रत्येकजण तोंड वेडंवाकडं करेल. 'डोकं पूर्ण मागे, गळा उघडा, हातांवर लोंबणारं वजन' असं लिहिलं तर काम सुरू होतं.

यादीत कर्मणी क्रियापदं वेगळी काढा: ढकलला जातो, पाडली जाते, वेढले गेले. मग पाहा, हे करणारा चित्रात आहे का? 'गेर्निका'त विमान नाही, सैनिक आहे तो जमिनीवर पडलेला. हल्लेखोर चित्राबाहेर आहे. अशा चित्रावर काम करताना एखाद्याला हल्लेखोराची भूमिका दिली की चित्राचा गाभाच मोडतो. ढकलला जाणारा दिसावा, ढकलणारा दिसू नये. हे जमवायला हालचालीची सुरुवात अनपेक्षित अवयवातून करा: कमरेच्या एका बाजूने, खांद्याच्या पात्यातून, टाचेतून. हातापासून सुरू झालेली हालचाल नेहमी स्वतःहून केल्यासारखी दिसते.

रेषा जमिनीवर

ट्रेसिंग पेपर चित्रावर ठेवून चार-पाच मुख्य रेषा काढा: तिरक्या, उभ्या, गर्दीची कड, प्रकाशाची हद्द. आकृत्या गिरवू नका. मग हा आराखडा टेपने जमिनीवर उतरवा, चित्राची लांब बाजू चार मीटर धरून.

इथे एक निर्णय आधीच घ्या: चित्राची वरची कड म्हणजे मंचाची मागची बाजू, की उंची? दोन्ही चालतं, पण मध्येच बदलू नका. वरची कड मागे नेली तर चित्र जमिनीवर झोपतं आणि नाचणारे त्यातून चालतात. उंची मानली तर उभं, वाकलेलं, बसलेलं आणि आडवं असे चार स्तर वापरावे लागतात. नवखे अर्धं असं, अर्धं तसं करतात आणि मग प्रेक्षकाला नुसती इकडून तिकडे पळापळ दिसते.

आता दहा मिनिटं नुसतं चाला. रेषेवरून, रेषा ओलांडून, रेषेच्या कडेने. कुठे पाय आपोआप मंदावतो ते लक्षात ठेवा. रिकाम्या भागांवर टेपने फुली करा आणि तिथे शेवटपर्यंत जाऊ नका. शेवटी कुणी त्या जागेत पाऊल टाकलंच, तर ते आपोआप ठळक दिसतं.

वजन आणि अशक्य शरीरं

चित्रातल्या एका आकृतीची ठेवण घ्या आणि विचारा: भार कोणत्या पायावर? तो पाय उचलला तर ती कुठल्या बाजूला पडेल? त्या बाजूला हळूहळू पडू द्या, आठ मात्रांत. ठेवण ही थांबा नाही, एका हालचालीचा मधला क्षण आहे, हे शरीराला यातूनच कळतं. त्यानंतर त्या क्षणाआधीच्या पाच सेकंदांत आणि नंतरच्या पाच सेकंदांत काय झालं असेल ते रचा. मधली मूळ ठेवण शेवटी काढून टाका. आधी आणि नंतर एवढंच दाखवलं तरी प्रेक्षक मधलं भरून घेतो, आणि देखाव्याचा धोका टळतो.

चित्रकार सांधे हवे तसे मोडतो, तुम्ही मोडू नका. 'गेर्निका'च्या उजव्या भागात, खालच्या बाजूला प्रकाशाकडे झेपावणारी स्त्री आहे: मान लांब पुढे, जडशीळ पाय मागे ओढला जातोय. ती मान माणसाला जमणार नाही, आणि जोर लावला तर मानेत उसण भरेल. तिथे घ्यायचा आहे तो दोन दिशांमधला झगडा. नजर आणि छाती पुढे जाऊ द्या, एक पाय जमिनीला खिळलेला ठेवा, आणि पाय सुटायच्या आत थांबा. एक मीटर अंतर कापायला चाळीस सेकंद लावा. मान मात्र पाठीच्या कण्याच्या रेषेतच राहील.

गोयाच्या चित्रात एक गंमत आहे. पांढऱ्या सदऱ्यातला माणूस गुडघ्यांवर आहे, तरी तो उभा राहिला तर सगळ्यांपेक्षा उंच होईल. मंचावर हे साधायला बाकीच्यांना लहान करावं लागतं: त्यांचे गुडघे वाकलेले, नजर खाली, हात अंगालगत. गुडघ्यांवरच्या एकट्याला हातांची पूर्ण रुंदी द्या. प्रकाशयोजना नसतानाही तो मोठा दिसतो.

हात चित्रकाराचाही पाहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि आमच्या मते सगळ्यात चांगलं साहित्य इथेच मिळतं. चित्र कोणत्या माध्यमात आहे आणि ते करताना हात कसा चालला असेल? कोलवित्झचा धाकटा मुलगा पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. युद्धावरची तिची काष्ठछापांची मालिका १९२१-२२ मधली. त्याआधी तिने हा विषय एचिंग (धातूच्या पत्र्यावरून काढलेला छाप) आणि लिथोग्राफ (दगडावरून काढलेला छाप) यांत करून पाहिला होता. लाकूड कोरताना पटाशी पुढे ढकलावी लागते, लाकूड अडवतं, मग एकदम सुटतं. काढून टाकलेलं पांढरं राहतं, शिल्लक ठेवलेलं काळं. याची हालचाल: चार मात्रा अडथळ्याविरुद्ध ढकलणं, एका मात्रेत सुटणं, तीन मात्रा स्तब्ध. जोडीदाराच्या तळहातावर तळहात ठेवून खरा अडथळा घ्या. नंतर जोडीदार काढा, अडथळा तसाच ठेवा.

भारतीय चित्रकार सोमनाथ होर यांची 'वुंड्स' (जखमा) ही १९७० च्या दशकातली मालिका दुसऱ्या टोकाची आहे: कागदाच्या लगद्यात उमटलेल्या, पांढऱ्यावर पांढऱ्या जखमा. आकृती नाही, रंग नाही, फक्त पृष्ठभाग खोल गेलेला. इथे मोठी हालचाल चुकीचीच ठरेल. एकाने उताणं झोपावं, दुसऱ्याने बोटाने एका जागी दाबावं, आणि तो दाब अंगभर किती दूर पोचतो तेवढंच दाखवावं. जोडीदाराची परवानगी आणि दाबायच्या जागा आधी ठरवा.

सत्ता कुठे बसली आहे

गोयाच्या चित्रात बंदूकधाऱ्यांचे चेहरे दिसत नाहीत. पाठी, टोप्या आणि एकाच कोनातले पाय दिसतात. समोर मरणाऱ्यांपैकी प्रत्येकाची ठेवण वेगळी. समूहनृत्यातला सगळ्यात जुना प्रश्न इथे आयता सापडतो: सगळ्यांनी एकसारखं कधी करायचं? नवख्यांना एकसारखं नाचणं म्हणजे एकजूट वाटते. ते दडपशाहीही असू शकतं. कोणत्या गटाला एकसारखेपणा द्यायचा हे ठरवणं म्हणजेच राजकीय भूमिका घेणं.

सराव असा करा:

१. चार जण ओळीत, प्रेक्षकांकडे पाठ. पुढचा गुडघा वाकलेला, भार पुढच्या पायावर, धड थोडं पुढे. बंदुकीची नक्कल करू नका, बोटांची तर अजिबात नको. हात खालीच राहू द्या.

२. दोन मीटरवर समोर दोघं-तिघं, प्रत्येकाची वेगळी क्रिया: एक झाकतो, एक पसरतो, एक वळतो.

३. ओळीने फक्त श्वास एकत्र घ्यायचा: चार मात्रा आत, चार बाहेर. समोरच्यांनी त्या श्वासात मिसळायचं नाही. हे वाटतं त्याहून अवघड आहे, दोन मिनिटांत सगळ्यांचा श्वास जुळतो. जुळला की थांबून पुन्हा सुरू करा.

४. भूमिका बदला. प्रत्येकाने दोन्ही बाजू केल्याच पाहिजेत, नाहीतर एकच माणूस पाच तालमी गुडघ्यांवर राहतो आणि ते शरीरालाही बरं नाही, मनालाही नाही. थांबण्यासाठी एक शब्द ठरवा. तो उच्चारला की सगळे थांबतात, कारण विचारायचं नाही.

लिसित्स्कीच्या पोस्टरवर हाच प्रश्न दुसऱ्या रीतीने येतो. पाच जणांचं वर्तुळ, तिघांचा त्रिकोण. शेवटचं चित्र एकच: टोक वर्तुळाच्या आत. पण टोक पुढे आलं आणि वर्तुळ फुटलं, की वर्तुळाने स्वतःच फट केली आणि टोक आत ओढलं गेलं? दोन्ही करून चित्रीकरण पाहा. अर्थ पूर्ण उलटतो. कोण आधी हलतं यावर हे ठरतं, फरक अर्ध्या सेकंदाचा असला तरी.

कोलवित्झच्या 'द मदर्स'मध्ये बायका एकमेकींना बिलगून मुलांना मध्ये धरून उभ्या आहेत. हा पुंजका करताना हमखास चूक होते: त्याची प्रेमळ मिठी होते, खांदे कानांपर्यंत चढतात. उपाय असा की हातांनी आत ओढायचं आणि त्याच वेळी पाठीने बाहेर रेटायचं. दोन जोर एकमेकांना भिडले की पुंजका भिंतीसारखा टणक होतो. दीड मिनिटापेक्षा जास्त धरू नका, मनगटं भरून येतात.

दुसऱ्याची वेदना

चित्रकार चित्तप्रसाद यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात फिरून रेखाटनं केली. त्यांची 'हंग्री बेंगॉल' ही पुस्तिका ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केली. अशा चित्रांवर काम करताना नवखे पोट आत ओढतात, थरथरतात, हात पसरतात. धडधाकट शरीराने केलेलं ते सोंग असतं आणि समोरच्याला लगेच कळतं. भुकेची नक्कल करण्याऐवजी भुकेचा हिशेब घ्या. बत्तीस मात्रांची साधी साखळी रचा: चालणं, वाकणं, उचलणं, वळणं. दर फेरीत चौथा भाग काढा, पण काळ तेवढाच ठेवा. तिसऱ्या-चौथ्या फेरीला मोजक्या हालचाली उरतात आणि मधली लांबलचक स्तब्धता. प्रत्येक हालचालीची किंमत वाढत जाते. चेहऱ्याने काहीच करायचं नाही.

चित्रातला समाज तुमचा नसेल तर पीडिताची भूमिका घेण्याआधी साक्षीदाराची घेऊन पाहा. पाहणारा, नजर चुकवणारा, उशिरा पोचलेला. ही भूमिका कमी शूर वाटते, पण बहुतेक वेळा खरी तीच असते.

जोडणी आणि आवाज

आतापर्यंत जमलेल्यातले तीनच तुकडे घ्या. सगळं वापरायचा मोह होतो, त्याला बळी पडलात तर तीन मिनिटांत सात कल्पना धावतात. एक तुकडा साधारण चाळीस सेकंद, दुसरा ऐंशी, तिसरा साठ. समान भाग करू नका, प्रेक्षक दुसऱ्याच तुकड्याला मोजायला लागतो. शेवटी मूळ चित्राची ठेवण साकारून थांबायचं नाही. टाळ्या मिळतात, पण आधीच्या तीन मिनिटांचं कोडं होतं आणि ते चित्र हे त्याचं उत्तर.

जर्मन नृत्यरचनाकार कुर्ट योस यांचं 'द ग्रीन टेबल' (१९३२) हे नृत्य या कामी अभ्यासण्यासारखं आहे. जर्मनीतल्या ल्युबेक शहरातल्या मध्ययुगीन मृत्यूनृत्याच्या चित्रावरून ते सुचलं. योस यांनी त्यातून घेतली ती रीत: मृत्यू एकेकाला त्याच्या त्याच्या स्वभावानुसार घेऊन जातो. हिरव्या टेबलाभोवती वाद घालणारे मुखवटेधारी मुत्सद्दी त्यांनी स्वतः आणले, आणि तोच प्रसंग सुरुवातीला आणि शेवटी ठेवला. मधल्या मृत्यूंनी टेबलावर काहीच बदललं नाही, हे त्या पुनरावृत्तीतूनच कळतं.

संगीत चौथ्या तालमीपर्यंत आणू नका. आधी शांततेत करा, पावलांचा आणि श्वासाचा आवाज ऐका. सायरन, गोळ्या, भाषणाचे तुकडे नकोत, ते हालचालीचं काम आधीच करून टाकतात. करुण सुरावट त्याहून वाईट: प्रेक्षकाला काय वाटायला हवं ते ती सांगते आणि मग तो पाहणं सोडून देतो. एकच टिकून राहणारा स्वर किंवा अनियमित ठोका पुरे.

दाखवण्याआधी

पाचव्या तालमीला विषय माहीत नसलेल्या तिघांना बोलवा. चित्राचं नाव सांगू नका. तीन प्रश्न विचारा: नजर कुठे गेली, कुणाच्या हातात सूत्रं होती, कुठे कंटाळा आला. 'काय समजलं' हे विचारू नका, लोक परीक्षा दिल्यासारखी उत्तरं देतात. दुसऱ्या प्रश्नाची तीन वेगळी उत्तरं आली तर ओळ, अंतर आणि नजरांच्या दिशा पुन्हा तपासा. हालचाली बदलायची गरज बहुधा नसते.

चित्र पडद्यावर दाखवायचं असेल, तर नाच सुरू होण्याआधी दाखवा आणि काढून घ्या. नाचताना मागे चित्र असलं की लोक सारखं ताडून पाहतात. दाखवण्याचे हक्कही तपासा. भारतात ते कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतात, अनेक देशांत ७०. गोया (मृत्यू १८२८), लिसित्स्की (१९४१) आणि कोलवित्झ (१९४५) यांची चित्रं या हिशेबाने मोकळी आहेत. पिकासो (१९७३) आणि चित्तप्रसाद (१९७८) यांची नाहीत, तिथे परवानगी घ्यावी लागते. कार्यक्रमपत्रिकेत चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव आणि वर्ष लिहा. 'वर आधारित' ऐवजी 'वरून सुचलेलं' लिहिलं तर प्रेक्षक मंचावर ते चित्र शोधत बसत नाहीत.